चिमणीपेक्षा लहान

१

दुपारी चारला मोजणीदारांची कूस बदलायची, हे त्या घरातलं सगळ्यांत पक्कं काम. बाकीची कामं मागेपुढे होत. दूध उशिरा येई, धुतलेले कपडे बादलीतच राहून जात, पण चारची कूस कधी चुकली नाही. नंबरबाई पलंगाचा कठडा खाली करायच्या, एक हात नवऱ्याच्या खांद्याखाली आणि एक कमरेखाली सरकवायच्या, आणि "हं, चला, फिरू या" म्हणत त्यांना भिंतीकडून खिडकीकडे वळवायच्या. पाठीमागे लोड, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीला पावडर. मग टाचा बघायच्या, कानामागे बघायचं. दहा महिन्यांत त्या पाठीला साधा ओरखडा नव्हता. नळी बदलायला येणारी नर्स म्हणायची, "बाई, तान्ह्या बाळासारखी पाठ ठेवलीय तुम्ही."

मोजणीदारांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. सख्खे भाऊ एकमेकांच्या नरडीला हात घालत असायचे, हे मध्ये साखळी टाकून उभे राहायचे, आणि यांनी खुंटी ठोकली की कोणी चकार शब्द काढत नसे. 'साधारण' आणि 'अंदाजे' या दोन शब्दांचं त्यांना वावडं होतं. किती वाजले विचारलं की "चार वाजून सात." लग्नाच्या वेळी सासूबाई म्हणाल्या होत्या, मुलगी पाच फुटांची आहे, तर मोजणीदार सगळ्यांदेखत म्हणाले, "पाच फूट एक." त्या एका इंचावर नंबरबाई भाळल्या होत्या.

मग एका सकाळी मेंदूत रक्ताची गाठ अडकली आणि डोळे-पापण्या सोडून सगळं गेलं. डोक्यात सगळं जागं, पण बोट हलवता येत नाही. डॉक्टरांनी खूण ठरवून दिली. एकदा पापणी लवली तर हो, दोनदा लवली तर नाही. लोकांनी हळहळ केली. नंबरबाईंना मात्र त्यातल्या त्यात दिलासा वाटला. एकतीस वर्षं त्यांनी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांचे डोळे तपासले होते. एक भिंग पुढे, एक मागे. "आता स्पष्ट की आधी स्पष्ट?" म्हणून तर सगळे त्यांना नंबरबाई म्हणायचे. प्रश्न विचारत विचारत माणसाला नेमकं काय दिसतं तिथवर पोचायचं, हेच त्यांचं काम.

त्या दिवशी कूस बदलून झाली. नंबरबाई खिडकीला पाठ करून आपल्या खुर्चीवर बसल्या, म्हणजे त्यांना बघताना मोजणीदारांना मागचा उजेडही दिसायचा. केळ सोलत होत्या. मान वर केली तर मोजणीदारांचे डोळे वटारल्यासारखे मोठे झालेले. ते त्यांच्याकडे बघत नव्हते. त्यांच्या थोडं बाजूला बघत होते.

नंबरबाई मागे वळल्या. खिडकी, खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत, पाण्याचा पाइप, एका झाडाचा अर्धा फांदोरा. बस्स.

"काही दिसलं का हो?"

एकदा.

"माणूस?"

दोनदा.

"मांजर आलं होतं पाइपावर?"

दोनदा.

"मग पक्षी?"

आता उत्तर आलंच नाही. मोजणीदार नुसते बघत राहिले. स्वयंपाकघरातला नळ थेंब थेंब गळत होता, तो नंबरबाईंना ऐकू यायला लागला. सहा थेंब पडले, सात पडले. मग पापणी एकदाच लवली. हो.

२

"आई, किती छान!" लेक फोनवर जवळजवळ किंचाळलीच. तिला घरात ठमी म्हणायचे, अजूनही म्हणायचे, आणि ती दर रविवारी दोन तासांचा प्रवास करून यायची. "डॉक्टर हेच म्हणत होते ना? डोक्याला काम द्या. मी येताना पक्ष्यांचं पुस्तक आणते."

तिने आणलं. जाडजूड, रंगीत चित्रांचं. पक्षी रोज यायला लागला होता, चारच्या सुमाराला, आणि फार तर दोन-तीन श्वास थांबून जायचा. मोजणीदारांचे डोळे मोठे झाले की नंबरबाई वळायच्या आणि फांदी रिकामी असायची. त्यामुळे पुस्तक समोर धरून एकेक पान उलटायचं आणि विचारायचं, हाच मार्ग. शिंपी? दोनदा. धोबी? दोनदा. वटवट्या, माशीमार, बुलबुल? नाही, नाही, नाही.

"चिमणीपेक्षा मोठा?" नाही.

"चिमणीपेक्षा लहान?" हो.

रंग राखाडी. तेवढं एक लगेच जमलं.

आकाराचं कसं करायचं तेही नंबरबाईंनी शोधून काढलं. त्या एकेक इंच मोजायच्या आणि बरोबर आकड्यावर पापणी लवायची. "एक... दोन... तीन... चार..." पापणी. "साडेचार?" नाही. म्हणजे चार. नंबरबाईंनी जुन्या वहीत तारीख घालून लिहिलं: चार इंच, राखाडी. खाली जागा सोडली. त्यांना मजा वाटायला लागली होती, खोटं कशाला बोला. दहा महिने त्यांनी नवऱ्याला 'दुखतंय का, तहान लागलीय का, पंखा लावू का' यापलीकडे काही विचारलं नव्हतं. आता दोघांना मिळून एक उद्योग होता.

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजलं, सहज. पापणी चारवर लवली नाही. पाचवरही नाही. साडेपाचवर लवली.

"अहो, कालपर्यंत चार होता की!"

मोजणीदार बघत राहिले.

"हा दुसरा आहे का? वेगळा?"

दोनदा.

नंबरबाईंनी वहीत साडेपाच लिहिलं. ठमीने रविवारी वही बघितली आणि म्हणाली, "दमतात गं बाबा. कुठेतरी पापणी लवते, आपण आकडा धरतो."

"तुझे बाबा दमतील," नंबरबाई म्हणाल्या, "पण दीड इंच चुकणार नाहीत."

३

वरच्या मजल्यावर एक निवृत्त पोस्टमन राहायचे. सायकल हाणून हाणून गुडघ्यांची वाट लागलेली, पण डोळे आणि जीभ ठणठणीत. सकाळ-संध्याकाळ गच्चीत दुर्बीण घेऊन पक्षी बघणं हा त्यांचा धंदाच झाला होता. नंबरबाईंनी जिन्यात गाठून सांगितल्यावर ते त्याच दुपारी दुर्बीण गळ्यात अडकवून हजर झाले.

"वहिनी, तुमचं पहिलंच चुकलं. रंग शेवटी विचारायचा. रंगासारखा लबाड कोणी नाही, उजेड बदलला की हा बदलला. आधी आकार, मग चोच, मग शेपटी, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ढब. बसतो कसा, उठतो कसा. माणसाचंही तेच. गल्लीच्या टोकाला कोणी दिसलं की मी चालीवरून सांगायचो, याचं पत्र आहे, त्याचं नाही." ते पलंगाजवळ वाकले. "काय मोजणीदार, घ्यायची का उलटतपासणी? चोच बारीक होती?"

दोनदा.

"जाड? दाणे फोडणारी?"

दोनदा.

"बाकदार?"

दोनदा.

पोस्टमन मान खाजवत म्हणाले, "पाठमोरा बसत असणार."

"पाठमोरा असतो का हो?" नंबरबाईंनी विचारलं. दोनदा. "तोंड तुमच्याकडे असतं?"

एकदा.

"तोंड इकडे आणि चोच दिसत नाही," पोस्टमन हसले. "बरं, शेपटी? लांब? आखूड? शेपटी आहे तरी का?"

शेवटच्या प्रश्नाला दोनदा.

"झडली असेल. पिसं गळायच्या दिवसांत होतं असं. बसतो कुठे? फांदीवर?"

फांदीवर नाही. पाइपावर नाही. भिंतीवर, तारेवर, खिडकीच्या चौकटीवर, कुठेच नाही. "मग उडत असतो?" तेही नाही.

"अहो, मग काय हवेत लटकतो?" पोस्टमन म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर खो-खो हसले. नंबरबाई हसल्या नाहीत. दुकानात असं व्हायचं. दहा भिंगं लावली तरी गिऱ्हाईक नाहीच म्हणतं, तेव्हा भिंगात दोष नसतो. आपण अक्षरांचा तक्ताच चुकीचा टांगलेला असतो.

"अहो," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "खिडकीच्या बाहेर असतो ना तो?"

दोनदा.

मग पोस्टमननी मांडीवर थाप मारली. "आरसा! कपाटाचा आरसा बघा. बाहेरचा पक्षी आरशात दिसतो, यांना वाटतं आत आहे."

त्यांनी दोघांनी मिळून आरशावर चादर टाकली. दुसऱ्या दिवशी पोस्टमन पावणेचारपासून खिडकीशी दुर्बीण लावून उभे राहिले. दोन चिमण्या, एक कावळा, आणि पलीकडच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई, एवढं त्यांना दिसलं. साडेचारला त्यांनी दुर्बीण खाली केली.

"आज आला नाही तर."

"आला होता का हो?" नंबरबाईंनी विचारलं.

एकदा.

"आत्ता? भाऊजी उभे होते तेव्हा?"

एकदा.

पोस्टमननी एकवार खोलीभर नजर फिरवली. छताकडे, पंख्याकडे, पलंगाखाली. "माझ्या दुर्बिणीलाच चष्मा लावायला झालाय वहिनी," ते म्हणाले आणि चहाला न थांबता वर गेले.

४

रात्रभर विचार करून नंबरबाईंनी दुसऱ्या दिवशी खोलीची यादी केली. खोली काही मोठी नव्हती. चारला कूस बदलली, खुर्चीवर बसल्या, डोळे मोठे होण्याची वाट बघितली. झाले. या वेळी त्या वळल्या नाहीत. समोर बघूनच विचारत गेल्या.

"पंख्यावर?" नाही. "कपाटावर?" नाही. "पडद्याच्या दांड्यावर? औषधांच्या टेबलावर? पलंगाच्या कठड्यावर?" नाही. नाही. नाही.

यादी संपली. यादीत एक वस्तू लिहायची राहिली होती, कारण तिच्यावर त्या स्वतः बसल्या होत्या.

"या खुर्चीवर?"

एकदा.

नंबरबाई अशा उठल्या की खुर्ची मागे भिंतीवर आपटली. खुर्चीवर काही नव्हतं. रेक्झिनवर त्यांच्या बसण्याचा खळगा होता, तो हळूहळू भरून येत होता. त्या पलंगाच्या पायथ्याशी गेल्या, स्टूल ओढलं, त्यावर बसल्या.

"खुर्चीवर आहे अजून?"

दोनदा.

"गेला?"

दोनदा.

बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "स्टुलावर?"

एकदा.

त्या दिवशी त्यांनी पुढे काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी पुन्हा घासली. घासता घासता डोकं ताळ्यावर आलं आणि त्यांना स्वतःचंच हसू आलं. एकतीस वर्षं दुकानात काय झोपा काढल्या? डोळ्याच्या पडद्यावर डाग पडला की माणूस जिकडे बघेल तिकडे तो डाग जातो. भिंतीकडे बघितलं तर भिंतीवर, पानाकडे बघितलं तर पानावर. राखाडी ठिपका. हे सगळा वेळ बायकोकडे बघतात, मग डाग बायकोवर. एवढं साधं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी परीक्षा घेतली.

"खिडकीकडे बघा. दिसतो?" दोनदा.

"घड्याळाकडे बघा. आता?" दोनदा.

"दरवाजाकडे?" दोनदा.

"माझ्याकडे बघा."

मोजणीदारांनी त्यांच्याकडे बघितलं. पापणी एकदा लवली, आणि मग डोळ्यांच्या कडेतून पाणी आलं. नंबरबाईंनी ते रुमालाने टिपलं. तिरिपीचा उजेड सोसत नसेल, असं त्या स्वतःशीच मोठ्याने म्हणाल्या आणि पडदा अर्धा ओढला.

५

डावा खांदा दुखायला लागला तो त्याच आठवड्यात. त्यात नवल काही नव्हतं. अंथरुणाला खिळलेला पुरुष दिवसातून आठ वेळा फिरवायचा म्हणजे खांदा बोलणारच. नंबरबाई गरम पाण्याची पिशवी लावायच्या. पण पिशवी लावली की दुखणं थोडं बाजूला सरकायचं, मानेकडे, आणि पिशवी काढली की परत यायचं. ओझं घेतल्यासारखं दुखायचं. सकाळी आरशात बघताना तो खांदा खाली गेलेला दिसायचा, भाजीची पिशवी लावलेल्या बाईचा जातो तसा.

वहीत आकडे उतरत होते. सात. नऊ. अकरा. पुढे फुटांत मोजायला लागलं. एक फूट चार.

ठमीने ते डॉक्टरांना दाखवले. डॉक्टर भला माणूस. तो म्हणाला, अशा आजारात डोळ्यांपुढे काहीबाही दिसतं, घाबरू नका. आणि मग ठमीला बाजूला घेऊन म्हणाला, आईंना विश्रांती द्या, त्यांची तब्येत मला जास्त बरी दिसत नाही. तेव्हापासून ठमीचा धोशा सुरू झाला. "आई, पंधरा दिवस माझ्याकडे चल. इथे दिवसरात्र नर्स ठेवू."

"नर्स टाचा बघेल का?"

"बघेल गं!"

"कानामागे?"

ठमी फुरंगटून गेली.

नंबरबाईंना एक गोष्ट टोचत होती. दुकानात 'हे स्पष्ट की ते स्पष्ट' विचारलं की तिसरंही उत्तर असायचं. काही गिऱ्हाइकं स्पष्ट सांगायची, दोन्हीही नाही. ते उत्तर फार मोलाचं. ते मिळालं की सगळं पहिल्यापासून सुरू करायचं. मोजणीदारांना त्यांनी हो आणि नाही एवढंच दिलं होतं. मग ज्याला अंदाजे बोलायचं वावडं, त्याने काय करायचं? सात थेंब पडेपर्यंत थांबायचं, आणि त्यातल्या त्यात जवळचं उत्तर द्यायचं.

"अहो ऐका," त्या म्हणाल्या. "माझा प्रश्नच चुकला असेल तर तीनदा. कळलं?"

एकदा.

"तो पक्षी आहे?"

एकदा. दोनदा. तीनदा.

नंबरबाईंनी पुस्तक उचललं आणि कपाटात नेऊन खालच्या खणात ठेवलं. परत येऊन बसल्या.

"माणूस आहे?"

तीनदा.

"जिवंत तरी आहे का?"

तीनदा. मोजणीदारांचे डोळे त्यांच्या डाव्या खांद्यावर होते, आणि हळूहळू वर, मानेपर्यंत आले.

"माझ्यावर बसलाय?"

एकदा.

"मी या घरातून गेले तर तो जाईल?"

वेळ लागला. मग एकदा. आणि लगेच पुन्हा, न विचारताच, एकदा. पुन्हा एकदा. हो. हो. हो.

त्यावर नंबरबाई चक्क हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसल्या. "अस्सं! म्हणजे लेकीने तुम्हाला फितवलं तर. तुम्ही दोघांनी मिळून मला घालवायचं ठरवलंय. मी विश्रांती घ्यावी म्हणून हा सगळा पक्ष्यांचा बाजार?" त्यांनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "चाळीस वर्षांत एक खोटं बोलला नाहीत, आणि आता बोललात ते असं. कुठे जाणार नाही मी. गप्प पडून राहा."

मोजणीदार हो म्हणत राहिले. हो. हो. पापण्या दमून जड होईपर्यंत.

६

महिना सरताना आकडा चार फुटांच्या वर गेला होता. शेवटचं मोजमाप त्यांनी घेतलं ते घ्यायला नको होतं, हे त्यांना मोजताना कळत होतं, पण मोजायला सुरुवात केली की मध्येच थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"चार फूट अकरा?" नाही.

"पाच फूट?" नाही.

पुढचा आकडा त्यांच्या तोंडून निघाला नाही. मोजणीदारांनी तो निघायची वाट बघितली नाही. एकदा पापणी लवली आणि डोळे मिटले ते मिटलेच.

तेव्हापासून त्यांनी नंबरबाईंसमोर डोळे उघडले नाहीत. नर्स आली की उघडायचे. डॉक्टर बॅटरी घेऊन वाकला की उघडायचे, त्याच्या प्रश्नांना नीट उत्तरं द्यायचे. नंबरबाईंचं पाऊल उंबऱ्यात पडलं की मिटायचे. चारची कूस त्या तशीच बदलत राहिल्या. "हं, चला, फिरू या." पावडर, टाचा, कानामागे. खुर्चीवर बसून एकट्याच बोलायच्या. दुधाचं, नळाचं, ठमीच्या फोनचं. समोर मिटलेला चेहरा. ज्या माणसाकडे जगातलं दुसरं काही उरलं नव्हतं, त्याने तेवढंही आत ओढून घेतलं होतं.

पाच दिवस त्यांनी काढले. सहाव्या दिवशी खांद्यावरचं ओझं पाठभर पसरलं होतं, कमरेपर्यंत, पायांपर्यंत. आतून कोणी जाड कोट घातल्यासारखं. त्या खुर्चीवरून उठल्या आणि पलंगावर वाकल्या.

"अहो, उघडा ना. काही विचारणार नाही. शपथ."

पापण्या आणखी घट्ट झाल्या. त्या थरथरत होत्या.

मग नंबरबाईंनी ते केलं जे दुकानात हजारदा केलं होतं. अंगठ्याने वरची पापणी अलगद वर घेतली. हात सवयीने स्थिर होता. बाहुली मोठी झालेली होती, काळीभोर, आणि तिच्यात सगळी खोली होती. खोली डोळ्यात असते, हे लोकांना माहीत नसतं. नंबरबाईंनी ती रोज बघितली होती. कापलेल्या नखाएवढा खिडकीचा उजेड. त्याच्या कडेला खुर्चीची पाठ, पडद्याची रेघ. आणि मधोमध, उजेडाच्या पुढे, वाकलेलं एक डोकं.

राखाडी दिसत होतं. पाठीमागून उजेड असला की कोणीही राखाडीच दिसतं.

नंबरबाई श्वास रोखून बघत होत्या. त्यांनी मान अजिबात हलवली नव्हती, याची त्या आजही खात्री देतील. मान हलली की बाहुलीतलं नेमकं दिसत नाही, हे तर पहिल्या दिवशी शिकवतात.

डोळ्यातल्या त्या डोक्याने मान एका बाजूला झटकन तिरकी केली, आणि जवळून बघितलं.

७

दुसऱ्या दिवशी नंबरबाईंना जाग आली तेव्हा उन्हं पार पलंगापर्यंत आली होती. इतक्या वर्षांत त्या अशा झोपल्या नव्हत्या. खांदा दुखत नव्हता. हात वर करून बघितला, मागे नेऊन बघितला, मान फिरवली. काही नाही. अंग कसं मोकळं, हलकं. सपाटून भूक लागली होती.

आदल्या दिवशीचं त्यांना आठवत होतं, पण कोणी दुसऱ्याने सांगितल्यासारखं. डोळा जागरणाचा, उजेड तिरपा, भास झाला. त्यांनी वही उघडली, आकड्यांवरून नजर फिरवली आणि हे आपण कशासाठी एवढं लिहीत बसलो होतो, तेच त्यांना कळेना. वही रद्दीत टाकली.

दूध आणायला खाली उतरल्या तर पोस्टमन जिना चढत होते. एका पायरीवर थबकले, बाजूला झाले आणि म्हणाले, "कोणाकडे आला होतात आपण?"

"भाऊजी, मी!"

"अरे, वहिनी!" ते ओशाळले. "वरून उतरताना मला वाटलं कोणी... जिन्यात उजेडच नाही हो." पण त्या फाटकापर्यंत जाऊन वळल्या तेव्हाही ते जिन्याच्या खिडकीतून त्यांच्या चालीकडे बघत होते.

रविवारी ठमी आली. आईला बघून तिचा जीव भांड्यात पडला. "केवढी छान दिसतेस! ताठ चालायला लागलीस. हेच सांगत होते मी, झोप हवी होती तुला." ती बाबांजवळ जाऊन बसली. मोजणीदारांचे डोळे उघडे होते. नंबरबाई खोलीत आल्यावरही ते उघडेच राहिले, आठवड्यात पहिल्यांदा. नंबरबाईंना बरं वाटलं. त्या चहाचे कप घेऊन पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या.

"बाबा, तुमचा पक्षी येतो का अजून?"

दोनदा.

"गेला ना? बघ आई, गेला!" ठमीने टाळी वाजवली. "आता झालं ना सगळं नीट? आणि आई बघा कशी टवटवीत झालीय."

मोजणीदार तिच्याकडे बघत राहिले.

"बाबा? आईकडे बघा ना. आई आलीय चहा घेऊन."

त्यांनी नजर उचलली आणि नंबरबाईंकडे बघितलं. पायांपासून डोक्यापर्यंत बघितलं, सावकाश, एकेक इंच, जसे ते बांधावर उभं राहून दुसऱ्याची जमीन बघायचे. मग पापणी लवली. दोनदा.

"काय नाही?" ठमी हसली, पण हसणं अर्धवट राहिलं. "ही आई आहे ना?"

दोनदा.

"आई, तू मनाला लावून घेऊ नकोस," ठमी घाईघाईने म्हणाली. "डॉक्टरांनी मला सांगून ठेवलं होतं. अशा आजारात होतं असं. आपलंच माणूस समोर असतं आणि यांना वाटतं कोणी परकं आहे. मेंदूचं आहे सगळं."

"हो गं," नंबरबाई म्हणाल्या. त्यांनाही ते पटलं. न पटायला काय झालं? हात त्यांचेच होते, कप त्यांचे होते, अंगठ्यावरची जुनी भाजल्याची खूणही जागेवर होती. त्यांना "अहो, मीच आहे" असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण त्यातून ते वाक्य निघालं नाही, आणि निघालं नाही याचं त्यांना काही वाटलंही नाही.

चार वाजले. ठमी म्हणाली, आज मी बाबांना फिरवते, तू बस. तिने कठडा खाली केला. मोजणीदारांना ती भिंतीकडून खिडकीकडे वळवत होती, पण त्यांची नजर काही खिडकीकडे वळेना. ती मागे दाराशी अडकली होती, पॅसेजमध्ये, जिन्याच्या दिशेला. नंबरबाई अगदी समोर उभ्या होत्या, तरी ते त्यांच्या बाजूने तिकडे बघत होते. दूध आणायला गेलेली बायको अजून कशी आली नाही म्हणून माणूस बघतो, तसे.